फ्रँक रॉबिन्सन : अमेरिकन बेसबॉलचा पहिला कृष्णवर्णीय मॅनेजर

८ एप्रिल १९७५ चा दिवस. अमेरिकेंत ईरी सरोवराच्या कांठीं वसलेल्या क्लीव्हलंड शहरांत त्या दुपारीं कडाक्याची थंडी होती. तरीही तेथील म्युनिसिपल स्टेडियममध्यें छप्पन्न हजारांहून अधिक माणसें दाटीवाटीनें बसलीं होतीं. बेसबॉलच्या हंगामांतील त्या शहरांतला तो पहिलाच सामना; परंतु एवढी गर्दी लोटली होती ती केवळ त्यासाठीं नव्हे. आरंभीचा मानाचा चेंडू फेंकावयास जॅकी रॉबिन्सन ह्या दिवंगत खेळाडूची पत्नी रेचेल मुद्दाम आली होती, आणि यजमान संघाचा मॅनेजर म्हणून फ्रँक रॉबिन्सन मैदानावर उतरला होता. जॅकी आणि फ्रँक ह्यांचें आडनांव एक असलें तरी रक्ताचें नातें कांहींच नव्हतें. नातें होतें तें निराळें. १९४७ सालीं जॅकीनें ब्रुकलिनच्या संघांत पाऊल टाकलें आणि मेजर लीग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सर्वश्रेष्ठ व्यावसायिक संघांची काळ्या खेळाडूंवरील बंदी मोडली. खेळाडू म्हणून आंत घेतलेल्या माणसाच्या हातीं संघाचीं सूत्रें देण्यास मात्र ह्या खेळाच्या धन्यांना आणखी अठ्ठावीस वर्षें लागलीं.

येथें ‘मॅनेजर’ ह्या शब्दाविषयीं थोडा खुलासा करणें अवश्य आहे. क्रिकेटच्या दौऱ्याबरोबर जाणारा मॅनेजर म्हटला म्हणजे तिकिटें, सामानसुमान, मेजवान्या आणि आभाराचीं भाषणें ह्यांची व्यवस्था पाहणारा एखादा सभ्य गृहस्थ आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो. बेसबॉलमधील मॅनेजर हा तसा प्राणी नव्हे. तो खेळाडूंसारखाच गणवेश चढवून मैदानाच्या कडेच्या खोलगट बैठकींत बसतो. कोणी कोणत्या क्रमानें बॅट घ्यावयाची, चेंडू टाकणारा पिचर थकला म्हणजे त्याला केव्हां काढावयाचें, बेसवर पोंचलेल्या खेळाडूनें धांवावें कीं थांबावें, हें सारें त्याच्या खुणांवर चालतें. एकदां बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यांत पुन्हां येऊं शकत नाहीं, असा ह्या खेळाचा नियम असल्यामुळें त्याची प्रत्येक चूक तेथल्या तेथें उघडी पडते. एका हंगामांत असे १६२ सामने! क्रिकेटच्या कप्तानाचे अधिकार, निवडसमितीचे बरेचसे अधिकार आणि शाळामास्तरांचा दरारा हीं सर्व एकाच माणसाच्या ठिकाणीं आलीं म्हणजे बेसबॉलचा मॅनेजर होतो.

हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या अठ्ठावीस वर्षांचा अर्थ उलगडतो. काळ्या माणसानें चेंडू टोलवावा, धांवावें, प्रेक्षक खेंचून आणावे, ह्याला आतां कोणाची हरकत उरली नव्हती. हरकत होती ती त्यानें गोऱ्या खेळाडूला ‘तूं आज बस’ असें सांगण्याला. सबब अशी पुढें करण्यांत येई कीं, काळ्यांत अनुभवी माणसें नाहींत. ही सबब खरी नव्हती. बंदीच्या काळांत काळ्यांनीं आपले स्वतंत्र संघ काढले होते. रूब फॉस्टर हा थोर पिचर पुढें शिकागोच्या संघाचा मॅनेजर झाला आणि १९२० सालीं त्यानें काळ्यांची स्वतंत्र लीगच उभी केली. हे संघ चालविणारे डोके काळ्यांचेंच होतें. पण मेजर लीगच्या दृष्टीनें तो अनुभव अनुभव नव्हताच. आपल्याकडील गोष्टही ह्या ठिकाणीं आठवल्यावांचून राहत नाहीं. मुंबईच्या चौरंगी सामन्यांत पालवणकर बाळूच्या गोलंदाजीवर हिंदूंचा संघ वर्षानुवर्षें विसंबून राहिला. संघनायकाची जागा मात्र त्याच्या वाट्याला आली नाहीं, ती १९२३ सालीं त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल ह्याला मिळाली. हातांचें कौशल्य मान्य आणि डोक्याचा हुकूम अमान्य, हा न्याय एकाच देशाचा नव्हे.

जॅकी रॉबिन्सनला ही उणीव अखेरपर्यंत सलत राहिली. १५ ऑक्टोबर १९७२ रोजीं, सिनसिनाटी येथें चाललेल्या अजिंक्यपदाच्या सामन्यांच्या वेळीं, त्याच्या पदार्पणाच्या पंचविसाव्या वर्षानिमित्त त्याचा सत्कार करण्यांत आला. मधुमेहानें त्याची दृष्टि जवळजवळ गेली होती. आभार मानून तो स्वस्थ बसला असता तर कोणी दोष दिला नसता. पण त्यानें तेथेंच बोलून दाखविलें कीं, संघ चालविणाऱ्याच्या जागीं काळा चेहरा दिसेल तेव्हांच आपणांस खरें समाधान वाटेल. त्यानंतर नऊ दिवसांनीं तो वारला.

फ्रँक रॉबिन्सनचा जन्म टेक्सस प्रांतांतील ब्यूमाँट येथें ३१ ऑगस्ट १९३५ रोजीं झाला. दहा भावंडांत तो सर्वांत धाकटा. आईबाप विभक्त झाल्यावर आईनें मुलांना घेऊन कॅलिफोर्नियाची वाट धरली आणि फ्रँक ओकलंडच्या गरीब वस्तींत वाढला. तेथील मॅक्लिमंड्स हायस्कूल ही शाळा मोठी नवलाची म्हटली पाहिजे. बास्केटबॉलच्या खेळांत फ्रँकचा जोडीदार होता बिल रसेल. हाच रसेल १९६६ सालीं बॉस्टनच्या संघाचा शिक्षक झाला आणि एनबीए ह्या अमेरिकन व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधील पहिला कृष्णवर्णीय मुख्य शिक्षक ठरला. खेळाडूला मालकाच्या मालमत्तेसारखें ह्या संघांतून त्या संघांत विकण्याच्या पद्धतीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडलेला कर्ट फ्लड हाही त्याच शाळेचा. जॉर्ज पाउल्स नांवाचा एक गोरा शिक्षक ह्या मुलांना खेळ शिकवीत असे, आणि खेळांत डोकें कसें चालवावें ह्याचे पहिले धडे त्याच्याकडून मिळाले असें फ्रँक मोठेपणींही सांगे.

१९५३ सालीं सिनसिनाटीच्या ‘रेड्स’ संघानें त्याला करारबद्ध केलें आणि उमेदवारीसाठीं यूटामधील ऑग्डन गांवीं धाडलें. तेथें सिनेमा पाहावयास गेला असतां तिकिटाच्या खिडकीवर त्याला परत फिरविण्यांत आलें. वर्णभेदाशीं इतक्या उघड रीतीनें त्याची ती पहिलीच गांठ. पुढें दक्षिणेंत, कोलंबिया येथें, त्याहून वाईट दिवस निघाले. गोऱ्या सोबत्यांना हॉटेलांत जेवण आणि ह्याला बाहेर बसमध्यें, मैदानांत शिव्यांचा वर्षाव, असा प्रकार नित्याचा झाला. १९५६ सालीं तो मेजर लीगमध्यें आला आणि पहिल्याच हंगामांत त्यानें ३८ होम रन मारले. होम रन म्हणजे चेंडू कुंपणापलीकडे भिरकावून चारही बेस बिनधोक फिरून येण्याचा टोला. नवख्या खेळाडूच्या तोंवरच्या उच्चांकाशीं ही संख्या बरोबरीची होती. वर्षाच्या उत्कृष्ट नवोदिताचा मान त्याला एकमतानें मिळाला.

त्याच्या खेळण्याची एक लकब सांगण्यासारखी आहे. चेंडू जेथून जावयाचा त्या पट्टीवर तो जवळजवळ ओणवा होऊन उभा राही. पिचरला हें आव्हानच वाटे, आणि तो चेंडू त्याच्या अंगावर सोडी. आपल्या कारकीर्दींत त्यानें असे १९८ चेंडू अंगावर घेतले. पडला कीं उठे, कपडे झटकी आणि पुढचाच चेंडू दूर भिरकावी. हा अनुभव इतक्या वेळां आला कीं, फिलाडेल्फियाचा मॅनेजर जीन मॉक ह्यानें रॉबिन्सनच्या अंगावर चेंडू टाकणाऱ्या आपल्याच पिचरना दंड ठोठावण्यास सुरुवात केली. मैदानावर तो कोणाशीं गोड बोलत नसे. प्रतिपक्षाच्या खेळाडूशीं हास्यविनोद करणें त्याला पसंत नव्हतें. हा ताठपणा मैदानाबाहेरही कधीं कधीं अंगाशीं येई. १९६१ च्या फेब्रुवारींत सिनसिनाटींतील एका उपहारगृहांत बाचाबाची झाली असतां त्यानें खिशांतलें पिस्तूल बाहेर काढलें. अटक झाली, आणि अडीचशें डॉलर दंड भरावा लागला. त्या लज्जेनें तो खचला नाहीं. त्याच वर्षीं रेड्सनीं १९४० नंतर प्रथमच आपल्या लीगचें अजिंक्यपद मिळविलें आणि नॅशनल लीगचा सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून त्याची निवड झाली.

एवढें करूनही डिसेंबर १९६५ मध्यें रेड्सनीं त्याला बाल्टिमोरच्या ‘ओरिओल्स’ संघास देऊन टाकलें व त्याच्या मोबदल्यांत तीन खेळाडू घेतले. संघाचे सूत्रधार बिल डिविट ह्यांनीं अशी मल्लिनाथी केली कीं, तीस वर्षांचीं माणसें दोन जातींचीं असतात, आणि रॉबिन्सन हा त्यांतला म्हातारा तीस वर्षांचा आहे. ह्या म्हाताऱ्यानें पुढच्याच हंगामांत फलंदाजीची सरासरी .३१६, होम रन ४९ आणि घरीं आणलेल्या धांवा १२२, अशा तिन्ही बाबतींत अमेरिकन लीगमध्यें पहिला क्रमांक पटकावला. ८ मे १९६६ रोजीं त्याचा एक टोला मेमोरियल स्टेडियमची सारी बैठक ओलांडून बाहेर जाऊन पडला. तेथें ‘येथें’ एवढ्याच शब्दाचें निशाण पुढें कित्येक वर्षें फडकत असे. त्या वर्षीं लॉस एंजेलिसच्या संघाला चार सामन्यांत सरळ हरवून ओरिओल्स जगज्जेते झाले आणि शेवटचा सामना १-० असा जिंकून देणारा होम रन रॉबिन्सनचाच होता. दोन्ही लीगांत ‘सर्वांत मोलाचा खेळाडू’ ठरणारा तो पहिला. दुसरा होण्यास शोहेइ ओहतानीला २०२४ साल उजाडावें लागलें. ह्याच वैभवाच्या वर्षीं बाल्टिमोरमध्यें त्याच्या पत्नीला राहावयास घर मिळेना. कातडीचा रंग कळतांच घरमालकांचे दरवाजे बंद होत. घरांच्या बाबतींतील हा अन्याय पुढें त्यानें जाहीर रीतीनें वेशीवर टांगला.

बाल्टिमोरच्या सहा वर्षांतच त्याच्यांतला मॅनेजर आकारास आला, आणि तो आला एका थट्टेच्या पोटीं. सामना जिंकल्यावर खेळाडूंच्या खोलींत एक लुटुपुटीचें न्यायालय भरे. न्यायाधीश रॉबिन्सन; डोक्यावर फरशी पुसण्याचा कुंचा हाच न्यायासनाचा टोप. ज्यानें चुकीच्या बेसकडे चेंडू फेंकला, खूण विसरला किंवा जिंकल्याच्या भरांत बढाई मारली, त्याला डॉलरभर दंड होई. सारे पोट धरधरून हंसत, पण प्रत्येकाच्या चुकीची छाननी सर्वांसमक्ष होई आणि ती कोणाला बोंचत नसे. गोरा, काळा, नवखा, मुरलेला असा भेद त्या न्यायासनापुढें नव्हता. मॅनेजर अर्ल वीव्हर हें पाहत होता. हा वीव्हर पूर्वीं हिंवाळ्यांत पोर्तो रिकोमधील सांतुर्से संघ चालवीत असे; १९६८ सालीं बाल्टिमोरचा भार अंगावर आल्यावर त्यानें ती जागा रॉबिन्सनला द्यावी अशी शिफारस केली. उन्हाळ्यांत अमेरिकेंत खेळावयाचें आणि हिंवाळ्यांत त्या बेटावर जाऊन, स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांत, संघ चालवावयाचा, असा क्रम त्यानें अनेक वर्षें ठेवला. इतर नामांकित खेळाडू त्या महिन्यांत विश्रांति घेत. मोठमोठ्या गोऱ्या खेळाडूंना असली उमेदवारी न करतां मॅनेजरची जागा मिळाल्याचीं उदाहरणें थोडथोडकीं नव्हतीं. पण अनुभव नाहीं ही सबब आपल्यापुरती तरी कोणी सांगूं नये, असा त्याचा निश्चय होता.

३ ऑक्टोबर १९७४ रोजीं क्लीव्हलंडच्या ‘इंडियन्स’ संघानें त्याच्या नेमणुकीची घोषणा केली. (ह्याच संघाला पुढें ‘गार्डियन्स’ हें नांव मिळालें.) अध्यक्ष फोर्ड ह्यांची अभिनंदनाची तार आली. बेसबॉलचे कमिशनर बोवी कून ह्या प्रसंगीं हजर होते आणि त्यांनीं, ही गोष्ट इतक्या उशिरां घडत आहे कीं तिचा गाजावाजा करण्यांत भूषण नाहीं, अशा आशयाचे उद्गार काढले. अधिकाऱ्याच्या तोंडून असा प्रामाणिकपणा क्वचितच ऐकूं येतो. एक विषादाची छटा मात्र ह्या आनंदाला होती. ह्याच क्लीव्हलंडमध्यें १९४७ च्या जुलैंत अमेरिकन लीगचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू लॅरी डोबी आला होता. १९७४ सालीं तो त्या संघाचा सहाय्यक शिक्षक होता, आणि ही जागा आपणांस मिळावी अशी त्याची आशा होती. जॅकीच्या मागून अकरा आठवड्यांनीं आलेला डोबी येथेंही दुसराच ठरला. १९७८ सालीं शिकागोचा व्हाइट सॉक्स संघ कांहीं महिने त्याच्या हातीं आला.

ह्यानंतरचा प्रसंग आरंभींच्या त्या थंड दुपारचा. रॉबिन्सन अद्याप खेळाडूही होता, म्हणून संघाच्या यादींत त्यानें स्वतःचें नांव दुसऱ्या क्रमांकावर घातलें होतें. पहिल्याच खेपेस होम रन कां मारीत नाहींस, असें संघाचे कार्यकारी फिल सेगी ह्यांनीं त्याला सकाळीं थट्टेनें विचारलें होतें. न्यूयॉर्कच्या यांकी संघाचा पिचर डॉक मेडिच ह्याच्या चेंडूवर त्यानें खरोखरच होम रन मारला! एकोणचाळीस वर्षांचा तो मॅनेजर बेसांना फेरी घालूं लागला तेव्हां स्टेडियमवर जो जल्लोष उठला त्याचें वर्णन न केलेलें बरें. सामना क्लीव्हलंडनें ५-३ असा जिंकला. जिंकून देणारा पिचर होता गेलर्ड पेरी, आणि ह्या पेरीशींच नव्या मॅनेजरचें वांकडें होतें. रॉबिन्सनपेक्षां आपला पगार एक डॉलरनें तरी अधिक असला पाहिजे, असें पेरीनें आधींच्या वर्षीं वर्तमानपत्रांतून मागितलें होतें. ठरलेला व्यायाम कीं स्वतःच्या पद्धतीचा, ह्यावरून वसंत ऋतूंतील सरावांत पुन्हां खटका उडाला. जूनमध्यें संघानें पेरीला टेक्ससकडे धाडून दिलें. पेरी हा त्या काळच्या उत्तम पिचरांपैकीं एक होता, हें येथें सांगितलें पाहिजे. त्याला घालविण्यांत संघाचें कल्याण झालें असें निखालस म्हणतां येत नाहीं.

रॉबिन्सनचें पहिलें वर्ष ओढाताणीचें गेलें. पंचांशीं भांडणें झालीं, दंड झाले. स्वतः जें लीलया केलें तें दुसऱ्याला कां जमत नाहीं, हें श्रेष्ठ खेळाडूला समजणें कठीण जातें. रॉबिन्सनलाही तें समजण्यास वेळ लागला. तथापि डेनिस एकर्स्लीसारख्या वीस वर्षांच्या पिचरला त्यानें निर्भयपणें संधि दिली, आणि तो पोरगा पुढें ह्या खेळांतील एक थोर पुरुष झाला. १९७५ सालीं ७९ विजय व ८० पराभव, १९७६ सालीं ८१ विजय व ७८ पराभव. आंकडा साधाच, पण १९६८ नंतर क्लीव्हलंडनें हरण्यापेक्षां अधिक सामने जिंकले ते ह्याच वर्षीं. १९७७ च्या जूनमध्यें संघ पुन्हां घसरला आणि रॉबिन्सनला काढून टाकण्यांत आलें. पहिला नेमलेला तोच, आणि पहिला काढलेलाही तोच.

त्याच्या कारकीर्दीचा खरा कस येथून पुढें लागतो. बेसबॉलमध्यें मॅनेजरला काढणें ही ऋतुमानासारखी नित्याची बाब आहे. गोरा मॅनेजर एका संघांतून जाई आणि वर्षा-दोन वर्षांत दुसऱ्या संघांत दिसे. अपयश हें त्याचें स्वतःचें असे, त्याच्या वर्णाचें नसे. काळ्या माणसाला मात्र पहिली संधि अलौकिक गुणांवर मिळाली होती. सामान्य अपयशानंतर दुसरी मिळेल काय, हा प्रश्न होता. रॉबिन्सननें मानापमान बाजूला ठेवून बाल्टिमोरमध्यें सहाय्यकाची जागा पत्करली, आणि १९७८ सालीं रॉचेस्टरचा दुय्यम दर्जाचा संघही कांहीं काळ चालविला. १९८१ सालीं सॅन फ्रान्सिस्कोनें त्याला बोलावलें. नॅशनल लीगमधीलही तो पहिला कृष्णवर्णीय मॅनेजर ठरला. १९८२ सालीं त्याच्या संघानें ८७ सामने जिंकले व हंगामाच्या अखेरच्या दिवशीं लॉस एंजेलिसला हरवून त्या प्रतिस्पर्ध्याचें अजिंक्यपद हिरावून घेतलें. त्याच वर्षीं हँक अॅरनबरोबर बेसबॉलच्या कीर्तिमंदिरांत त्याची स्थापना झाली. १९८४ च्या ऑगस्टमध्यें तेथूनही त्याला निरोप मिळाला.

६ एप्रिल १९८७ रोजीं, जॅकीच्या पदार्पणास चाळीस वर्षें होत आलीं असतां, टेलिव्हिजनवरील एका मुलाखतींत अॅल कँपानिस ह्यांना प्रश्न विचारण्यांत आला कीं, आज एकही काळा मॅनेजर कां नाहीं? कँपानिस हे ज्या संघांत जॅकी खेळला त्याच डॉजर्स संघाचे मोठे अधिकारी, आणि तरुणपणीं जॅकीचे सोबती. त्यांनीं उत्तर दिलें तें असें कीं, त्या कामास लागणारे कांहीं आवश्यक गुणच कदाचित् त्यांच्यांत नसतील. दोन दिवसांत त्यांना जागा सोडावी लागली. चाळीस वर्षें जें मनांत ठेवून बोलले जात नव्हतें तें एका सज्जन म्हाताऱ्याच्या तोंडून बाहेर पडलें, इतकेंच. ह्या प्रकरणानंतर वर्तमानपत्रांतून बरीच चर्चा झाली, आणि वर्षअखेर बाल्टिमोरच्या कचेरींत रॉबिन्सनला सल्लागाराची जागा मिळाली.

कचेरींत त्याला फार दिवस बसावें लागलें नाहीं. १९८८ च्या एप्रिलमध्यें ओरिओल्स पहिले सहा सामने लागोपाठ हरले; मालकांनीं मॅनेजरला काढून रॉबिन्सनला गादीवर बसविलें. ती गादी काटेरीच निघाली. त्याच्या हाताखालीं संघ आणखी पंधरा सामने हरला. सलग एकवीस पराभवांचा तो विक्रम पाहून अख्खी अमेरिका हंसत होती. अध्यक्ष रेगन ह्यांचाही समाधानाचा टेलिफोन आला. पत्रकार भेटीस आले म्हणजे रॉबिन्सन मेजाचा खण उघडून त्यांना एक बिल्ला दाखवी; बोलून आनंद झाला, पण आतां मला किंचाळावयाचें आहे, अशा अर्थाचीं अक्षरें त्यावर होतीं. तरुणपणचा तो तापट माणूस राहिला नव्हता. २९ एप्रिल रोजीं शिकागो येथें ९-० असा विजय मिळाला आणि संघ घरीं परतला तेव्हां स्वागतासाठीं पन्नास हजार माणसें मैदानावर जमलीं. तें वर्ष ५४ विजय व १०७ पराभवांवर संपलें.

१९८९ सालीं त्याच संघानें, बहुतेक नवख्या पोरांच्या बळावर, ८७ सामने जिंकले. हंगामाचे शेवटचे तीन सामने टोरोंटोशीं होते, आणि गटाचें विजेतेपद त्यांवर अवलंबून होतें. टोरोंटोचा मॅनेजर सिटो गॅस्टन हाही कृष्णवर्णीयच होता. त्याच वर्षीं २७ जून रोजीं हे दोघे समोरासमोर आले, तेव्हां मेजर लीगच्या इतिहासांत दोन्ही बाजूंना काळे मॅनेजर असलेला पहिला सामना झाला होता. अखेरच्या झुंजींत टोरोंटोची सरशी झाली. रॉबिन्सनला वर्षाच्या उत्तम मॅनेजरचा मान मिळाला. गॅस्टननें पुढें १९९२ व १९९३ सालीं जगज्जेतेपद मिळविलें. रॉबिन्सनच्या हातीं तें मॅनेजर म्हणून कधींच आलें नाहीं. १९९१ च्या मे महिन्यांत पराभव वाढतांच बाल्टिमोरनेंही त्याला दूर केलें.

उतारवयांत त्याच्याकडे आलेलें काम अनाथ मुलाच्या पालकत्वाचें होतें. माँट्रियलच्या ‘एक्स्पोज’ संघाला कोणी वाली उरला नव्हता. संघ बंदच करून टाकण्याचा लीगचा विचार होता. तो तडीस गेला नाहीं, म्हणून २००२ सालीं लीगनेंच संघ विकत घेऊन सहासष्ट वर्षांच्या रॉबिन्सनच्या ओटींत घातला. त्यानें त्या निर्वासित संघाकडून पहिल्या दोन्ही वर्षीं ८३-८३ विजय मिळविले. घरचें मैदान ओस पडत असल्यामुळें २००३ व २००४ सालीं कांहीं ‘घरचे’ सामने पोर्तो रिकोच्या सान हुआन शहरांत खेळविण्यांत आले. ज्या बेटावर त्यानें ह्या विद्येचा श्रीगणेशा केला तेथेंच. २००५ सालीं संघ वॉशिंग्टनला गेला आणि राजधानीला चौतीस वर्षांनंतर स्वतःचा बेसबॉल संघ मिळाला. त्याच वर्षीं राष्ट्राध्यक्षांनीं त्याला स्वातंत्र्यपदक दिलें.

२५ मे २००६ चा एक सामना त्याच्या आंकड्यांत बुडून गेलेला आहे. नेहमीचा कॅचर नसल्यामुळें मॅट लक्रॉय ह्या खेळाडूवर ती जागा आली होती. त्याचा हात त्या दिवशीं चालेना. ह्यूस्टनच्या खेळाडूंनीं सात बेस चोरले आणि लक्रॉयचे दोन चेंडू भलतीकडे गेले. संघ पुढें होता, पण विजय निसटूं लागला. डाव चालूं असतांना, सर्वांसमक्ष, कॅचरला बाहेर बोलावणें ही मोठी मानहानीची गोष्ट समजली जाते. रॉबिन्सननें सातव्या डावांत तें केलें. सामना ८-५ असा जिंकला. त्यानंतर पत्रकारांपुढें बसला असतां, ज्यानें १९८ चेंडू हूं कीं चूं न करतां अंगावर घेतले होते, त्या सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या डोळ्यांतून घळघळां पाणी वाहूं लागलें. त्या मुलाचा दोष नव्हता, एवढेंच तो सांगत राहिला. लक्रॉयनें मन मोठें केलें. माझे वडील मॅनेजर असते तरी त्यांनीं हेंच केलें असतें, असें तो म्हणाला.

त्याच हंगामाच्या अखेरीस वॉशिंग्टननें त्याला निरोप दिला. मॅनेजर म्हणून १,०६५ विजय आणि १,१७६ पराभव. खेळाडू म्हणून ५८६ होम रन. ७ फेब्रुवारी २०१९ रोजीं लॉस एंजेलिस येथें त्याचें निधन झालें. सिनसिनाटी आणि बाल्टिमोर येथें त्याचे पुतळे आहेत. तेथें त्यानें जें करून दाखविलें तें पाहतां ते असावयाचेच. क्लीव्हलंडमध्यें तो तीन वर्षें जेमतेम होता, आणि तेथून त्याला काढून टाकलेलें होतें. तेथेंही २७ मे २०१७ रोजीं त्याचा पुतळा उभारण्यांत आला, आणि त्या समारंभाला तो स्वतः हजर होता.